अब्बांनी आणलेला मदरबोर्ड

जुनेराचा लॅपटॉप पुन्हा मध्येच बंद पडला, तेव्हा पडद्यावर बोर्लीतल्या एका घराचा सज्जा उभा राहत होता. घराचा मालक कतारला नोकरीला. त्याला सज्ज्यावर ऊन कसं पडेल ते बघायचं होतं. जुनेराने लॅपटॉपच्या पोटाला हात लावून पाहिला. तव्यासारखा तापला होता.

सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यापासून ती मुरुडच्या आपल्या घरी बसून हेच काम करायची. आखातात असलेली माणसं गावी घर बांधायला काढत, आणि ते बांधून झाल्यावर कसं दिसेल ते जुनेरा त्यांना आधीच चित्रात करून दाखवी. भिंतीचा रंग, जिन्याचा कठडा, अंगणातली फरशी, सगळं. कामं वाढत होती, पण लॅपटॉपला ती झेपेनाशी झाली होती. म्हणून तिने ठरवलं, एकेक भाग निवडून आणायचा आणि स्वतः जोडून टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर करायचा.

तिचे अब्बा, अब्दुस्समद, त्याच हिवाळ्यात मस्कतहून कायमचे परत आले होते. तिथे एका जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. जुनेराचा जन्म झाला तेव्हाही ते तिथेच होते. वर्षा-दोन वर्षांनी महिनाभर यायचे आणि येताना बॅगा उघडून जे काढायचे ते अव्वल दर्जाचंच असायचं. घरातला मिक्सर, थर्मास, इस्त्री, भिंतीवरची जाडजूड पांढरी बटणं आणि तीन पिनांचे सॉकेटसुद्धा त्यांनी तिकडून आणलेले. "हलकी वस्तू दोनदा घ्यावी लागते," असं ते म्हणत. आता परत आल्यावर काय करावं हे त्यांना नीट उमगत नव्हतं. सकाळी समुद्रावर चक्कर, दुपारी पेपर, असरच्या नमाजानंतर पुन्हा समुद्र. त्यामुळे जुनेराच्या कॉम्प्युटरमध्ये त्यांनी मनापासून लक्ष घातलं.

"हा मदरबोर्ड म्हणजे नेमकं काय?" त्यांनी विचारलं.

"बाकी सगळं ज्याच्यावर बसतं ते. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, सगळं त्याच्यावरच बसवायचं. वीजसुद्धा बऱ्यापैकी त्याच्यातूनच वाटली जाते."

"म्हणजे घराचा पाया."

"तसंच म्हणा."

"आणि पायाच तू स्वस्तातला घेणार?"

जुनेरा हसली. "स्वस्तातला नाही अब्बा, साधा. सगळ्यात खालचा मी घेतच नाहीये. त्यात वीज वाटणारा भाग उघडाच असतो, माझ्या कामात तासन्‌तास तापला तर टिकायचा नाही. हा त्याच्या वरचा. त्या भागावर उष्णता बाहेर टाकणारी पट्टी आहे, रॅमला चार खाचा आहेत, म्हणजे पुढे वाढवता येईल. महागात काय जास्त? दिवे. खूप सारे यूएसबी. आपल्या वायरीतून येतं त्याच्या कितीतरी पट वेगाच्या इंटरनेटची सोय. प्रोसेसर ताणून पळवायची सोय. यातलं मी काहीच वापरणार नाही."

"आज नाही वापरणार. पुढे?"

"पुढे लागेल तेव्हा बोर्डच बदलेन. आत्ता तो फरक ग्राफिक्स कार्डात घातला तर माझं चित्र लवकर तयार होतं."

अब्बांनी मान डोलावली, पण पटल्याची ती मान नव्हती. त्या रात्री आणि पुढचे काही दिवस ते मोबाइलवर मदरबोर्डांचेच व्हिडिओ बघत राहिले. तैयबा, म्हणजे जुनेराची अम्मी, भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "तुझ्या लग्नाच्या स्थळांचीसुद्धा त्यांनी इतकी चौकशी केली नाही."

भाग आणायला बापलेक एसटीने अलिबागला गेले. भावेश शहा यांच्या दुकानात जुनेरा आधीपासून जायची. अब्बांनी आत शिरल्याशिरल्या सांगितलं, "मदरबोर्ड दाखवा. तुमच्याकडचा सगळ्यात चांगला."

भावेशनी जुनेराकडे पाहिलं, मग दोन बोर्ड काउंटरवर ठेवले. एक हिरवट-काळा, हलका. दुसरा काळा कुळकुळीत, वर धातूची जाड कवचं, हातात घेतला की वजन जाणवणारा. अब्बांनी दुसरा उचलला. मागची बाजू पाहिली, कडेवरून बोट फिरवलं. जन्मभर सुटे भाग हाताळलेल्या माणसाचं ते बोट होतं.

"ह्यात आणि त्यात हिचं काम किती फरकाने होईल?" त्यांनी विचारलं.

"जुओ, बघा चाचा, खोटं नाही बोलणार," भावेश म्हणाले. "हिच्या कामात सारखंच होईल. घड्याळ लावून बसलात तरी कळणार नाही. पण वस्तू ही चांगली आहे, त्यात शंका नाही. हौस असेल तर घ्या. मला विकायला आवडेलच."

"टिकेल कोणता?"

"दोन्हींना वॉरंटी आहे. टिकणं न टिकणं वापरावर आणि जागेवर. तुमच्याकडे समुद्राची हवा, त्यात वीज येते-जाते. त्याच्यापुढे बोर्ड बिचारा काय करणार."

अब्बांनी जड बोर्ड परत खोक्यात ठेवला. "काम तुझं आहे," ते जुनेराला म्हणाले. "तू ठरव."

तिने साधा घेतला. परतीच्या वाटेवर काशीदची घाटी लागली. तेव्हा अब्बा म्हणाले, "मी आयुष्यभर दुसऱ्यांना चांगला माल काढून दिला. वाटलं होतं, एकदा तुलाही समोर बसून घेऊन देईन."

जुनेरा खिडकीतून सुरूची झाडं बघत राहिली.

जोडणी मात्र छान झाली. अब्बांनी जेवणाचं टेबल पुसून वर जुनी चादर अंथरली, स्क्रू वाट्यांमध्ये वेगवेगळे काढून ठेवले. जुनेराने प्रोसेसर खाचेत अलगद सोडला, तेव्हा त्यांनी श्वास धरून ठेवला होता. रॅम बसताना आवाज झाला तसे ते दचकले. "मोडलं?" "नाही, बसलं." दुपारी बटण दाबलं, पंखे फिरले, पडद्यावर अक्षरं आली. तैयबाने वाटीतून खीर आणली. बोर्लीच्या घराचा सज्जा चहा होईतो तयार झाला, उन्हासकट.

दुसऱ्या दिवशी जुनेरा कॅबिनेटवरची धूळ पुसायला गेली आणि तिने हात झटकन मागे घेतला. बोटांत मुंग्या आल्या होत्या. अंघोळ करून आली होती, पाय अनवाणी, फरशी ओलसर. तिने पुन्हा हळूच बोटाची मागची बाजू लावून पाहिली. पुन्हा तसंच, बारीक थरथर.

अब्बांनीही हात लावून पाहिला. त्यांचा चेहरा उतरला. "बोर्ड," ते म्हणाले.

"बोर्डाने असं होत नाही अब्बा."

"मग कशाने होतं?"

हे तिला त्या क्षणी नक्की सांगता येईना. तिने वायर काढून ठेवली आणि मोरूला फोन लावला. मोरू हा त्यांच्या भागातला वायरमन. तो म्हणाला, उद्या सकाळी येतो. अब्बांनी ते ऐकलं, पण त्यांची नजर कॅबिनेटवरच होती.

सकाळी जुनेरा उठली तेव्हा अब्बा घरात नव्हते. तैयबा म्हणाली, "पहिल्या एसटीने अलिबागला गेलेत. काम आहे म्हणाले." काय काम ते दोघींनाही कळलं.

मोरू आला. त्याने होल्डरला दोन वायरी जोडलेला एक बल्ब पिशवीतून काढला. एक वायर सॉकेटच्या खालच्या भोकात, दुसरी शेजारच्या. बल्ब लागला. मग दुसरी वायर त्याने वरच्या मोठ्या भोकात घातली. बल्ब लागला नाही. त्याने दुसऱ्या खोलीत जाऊन तेच केलं, मग स्वयंपाकघरात, मग न्हाणीशेजारी. मग सॉकेटची जाड पांढरी पट्टी उघडून आत बघितलं.

"चाची, अर्थिंगच न्हाय," तो म्हणाला. "ही हिरवी वायर बघा. आत नुसती मुरगळून ठेवलीय. मीटरपाशी बघितलं, तिथंबी काय जोडलेलं न्हाय. जमिनीत अर्थिंगचा खड्डाच मारला नसंल."

"म्हणजे कॉम्प्युटर बिघडलेला नाही?" जुनेराने विचारलं.

"कॉम्प्युटर बरा हाय. कुठलाबी आणून लावा, मुंग्या येणारच. जमिनीत जायची वीज पत्र्यावर थांबलीय. पण हे असं ठेवू नका. एखाद्या दिवशी मशीनमध्ये वायर सुटली तर मुंग्यांवर भागायचं न्हाय."

मोरू दुपारनंतर सामान घेऊन येतो म्हणून गेला. जुनेराने वळून पाहिलं, तर अम्मी न्हाणीच्या दाराशी उभी होती. तिथे कपडे धुण्याचं मशीन होतं आणि मशीनच्या खाली, कित्येक वर्षं जुनेरा बघत आली होती ती, रबरी चपलांची जोडी.

"अम्मी, तुम्हाला मशीनच्या मुंग्या येत होत्या?"

"चपला घातल्या की येत नाहीत," तैयबा म्हणाली.

"कधीपासून?"

"घर बांधलं तेव्हापासून."

"अब्बांना सांगितलं नाही?"

"काय सांगणार? ते तिकडे, एकटे. वायरीचं काम ज्याने केलं तो पुढे गाव सोडून गेला. ते एवढी चांगली बटणं बॅगेत घालून घेऊन आले होते, फोनवर रोज विचारायचे, बसवली का, कशी दिसतात. मी म्हणाले, फार सुंदर दिसतात. त्यांच्या जिवाला घोर कशाला लावायचा."

मग ती थोडी पुढे आली आणि आवाज खाली करून बोलली, जणू अब्बा शेजारच्या खोलीत होते. "आपण असं करू. ते तो महाग बोर्ड घेऊन येतील. तू तो बसव. मोरूला सांगू, आजच्या आज गुपचूप खड्डा मारून टाक. मुंग्या थांबतील. त्यांना वाटेल, आपण आणला म्हणून थांबल्या. खूश होतील."

जुनेरा खुर्चीवर बसली. अम्मीचा बेत वाईट नव्हता. अब्बांचा चेहरा फुलला असता, बोर्डही चांगलाच होता, कामाला आला असता. काशीदच्या घाटीतलं त्यांचं वाक्य तिच्या मनात दोन-तीन दिवस घोळत होतं.

"नको अम्मी," ती शेवटी म्हणाली. "आता ते घरीच आहेत. इथेच राहणार आहेत. अजून किती वर्षं फोनवर बोलल्यासारखं बोलायचं?"

तैयबाने पदराने हात पुसले. "मग तू सांग. माझ्याने नाही व्हायचं."

अब्बा संध्याकाळी आले. हातात खोकं होतं, दुकानातून आणलेल्या पिशवीत नीट उभं धरलेलं. दारातच त्यांनी चपला काढल्या आणि पूर्वी बॅग ठेवत तसं ते खोकं टेबलाच्या मधोमध ठेवलं. चेहऱ्यावर थकवा होता आणि दडवलेलं हसू.

"आधी पाणी घ्या," जुनेरा म्हणाली.

"आधी उघड तरी."

"अब्बा, बसा. मोरू येऊन गेला."

तिने सगळं सांगितलं. बल्बाचं, हिरव्या वायरीचं, मीटरपाशी काहीच जोडलेलं नसल्याचं. बटणांबद्दल बोलताना तिची जीभ अडखळली, पण तिने तेही सांगितलं. अब्बा ऐकत होते. मग ते उठले, भिंतीपाशी गेले आणि मोरूने सैल करून ठेवलेली सॉकेटची पट्टी त्यांनी पुढे ओढली. आत मुरगळलेली हिरवी वायर होती. तिचं टोक कधी सोललेलंही नव्हतं.

"ही मी मस्कतमधल्या मत्राहच्या बाजारातून निवडून घेतली होती," ते पट्टीकडे बघत म्हणाले. "दुकानदाराला तीनदा विचारलं होतं, खारी हवा चालेल ना."

मग ते पट्टी हातातच धरून वळले.

"तैयबा, तुला शॉक लागायचा?"

"शॉक नाही हो. नुसत्या मुंग्या."

"इतकी वर्षं?"

तैयबाने मान खाली घातली. अब्बांनी पट्टी भिंतीला टेकवली, चपला घातल्या आणि ते बाहेर पडले. मगरिबची अजान व्हायची होती. जुनेरा दारापर्यंत गेली आणि थांबली. अम्मी म्हणाली, "बघ, म्हणून नको म्हणत होते मी." तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती.

ते मशिदीतून परत आले तेव्हा मोरू अंगणात सामान उतरवत होता. अब्बांनी त्याच्याशी थोडं बोलून त्याला सकाळी यायला सांगितलं. मग आत येऊन पाटावर बसले. तैयबाने बांगड्याचं सालन आणि भाकरी वाढली. पहिला घास मोडून ते म्हणाले, "अजून काय काय सांगितलं नाहीत मला?"

"असं काही नाही," तैयबा म्हणाली.

"रागावणार नाही. सांग."

ती आधी थोडंसंच बोलली. वादळात नारळाचं झाड पडून मागची कौलं फुटली होती, तेव्हा फोनवर दोन कौलं म्हणून सांगितलं. खरं तर मागची अर्धी खोली उघडी पडली होती, आणि पावसाचे दिवस मायलेकींनी मामाच्या घरी काढले होते. जुनेराला बारावीच्या वर्षी टायफॉइड झाला होता, तेव्हा सर्दी म्हणून सांगितलं. एका उन्हाळ्यात विहीर खारी झाली होती. बोलता बोलता ती मोकळी झाली, आणि काही गोष्टी तर जुनेरालाही ठाऊक नव्हत्या. अब्बा जेवता जेवता ऐकत राहिले. मध्येच म्हणाले, "टायफॉइड होता?" आणि जुनेराकडे अशा नजरेने पाहिलं, जणू ती आत्ताच आजारातून उठली होती.

सगळं झाल्यावर ते म्हणाले, "मी व्हिडिओ कॉल करायचो तो स्टोअरच्या ऑफिसातून. मागे एसी दिसायचा ना?"

"हो," तैयबा म्हणाली. "मी सगळ्यांना सांगायची, त्यांच्या खोलीत एसी आहे."

"खोलीत आम्ही सात जण होतो. एसी होता, पण सात जणांत तो कुणाकडे वळवायचा यावरून रोज भांडण."

तैयबा त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसले. अब्बांनी भाकरीचा आणखी एक चतकोर मागून घेतला.

सकाळी खड्डा अब्बांनीच खणायला घेतला. मोरू नको म्हणत होता, पण त्यांनी ऐकलं नाही. वाळूमिश्रित माती, कमरेपर्यंत खाली गेल्यावर ओल लागली. मोरूने तांब्याची पट्टी आत उभी केली, भोवती कोळसा आणि मीठ थरांनी भरलं, वर पाणी ओतलं. तिथून जाड वायर मीटरपर्यंत नेली. मग एकेका खोलीतली हिरवी वायर सोलून जोडत गेले. न्हाणीशेजारचं सॉकेट जोडून झाल्यावर मोरूने बल्ब लावून पाहिला. तो झकास पेटला. अब्बांनी तैयबाला हाक मारली. "मशीनला हात लाव."

"चपला घालू?"

"नको."

तिने अनवाणी उभं राहून मशीनच्या पत्र्यावर पूर्ण पंजा ठेवला. थोडा वेळ तसाच राहू दिला.

खोकं अजून टेबलावर होतं, न उघडलेलं. जुनेराने ते आपल्याकडे ओढलं. "अब्बा, तुम्हाला वाटत असेल तर मी हा बसवते. मनापासून सांगते. बोर्ड सुंदर आहे."

अब्बांनी खोक्यावरचं चित्र पाहिलं. "तुला लागणार आहे का?"

"नाही."

"मग मी तो माझ्यासाठी आणला होता," ते म्हणाले. "परत देऊ."

भावेशनी कुरकुर न करता तो परत घेतला, सील फुटलेलं नव्हतं. त्याच्या बदल्यात काय घ्यायचं ते या वेळी अब्बांनी जुनेराला विचारलं. तिने चांगला यूपीएस मागितला, म्हणजे वीज गेली तरी चालू काम जतन करून कॉम्प्युटर नीट बंद करायला वेळ मिळेल. उरलेल्यातून आणखी रॅम घेतली. यूपीएस भलताच जड होता. तो अब्बांनी एसटीत मांडीवर घेऊन आणला, जुनेराला हात लावू दिला नाही.

बोर्लीच्या गिऱ्हाइकाला सज्जा पसंत पडला. फोनवर सगळं ठरल्यावर जुनेराने त्याला विचारलं, "बांधकामावर तुमचं कोण लक्ष ठेवतंय?" तो म्हणाला, मेहुणा अधूनमधून जातो. अब्बा शेजारीच बसले होते. त्यांनी फोन मागितला.

"अस्सलाम अलैकुम. मी जुनेराचा वालिद. मीही तिकडेच होतो, मस्कतला. तुमच्या घराची वायरिंग भिंतीत बुजवायच्या आधी मी एकदा बघून येऊ का?"

तिकडून काय उत्तर आलं ते जुनेराला ऐकू आलं नाही. पण पुढच्या आठवड्यात अब्बा मोरूला मागे बसवून स्कूटरवरून बोर्लीला गेले. परत आले तेव्हा कपड्यांवर सिमेंट होतं. मग नांदगावचं एक घर, मग राजपुरीचं. आखातातली माणसं एकमेकांना सांगतातच. पावसाच्या आत त्यांच्याकडे अशी चार-पाच घरं झाली, आणि समुद्रावरच्या चकरा कमी झाल्या.

एकदा राजपुरीच्या घरावरून त्यांनी कुवेतच्या मालकाला फोन लावला, तेव्हा जुनेराही मापं घ्यायला बरोबर होती. गच्चीच्या स्लॅबला पाणी मुरलं होतं. तिला वाटलं, ते आधी चांगलं काय झालं ते सांगतील. त्यांनी तसं केलं नाही.

"गच्ची गळते आहे," ते म्हणाले. "घाबरू नका, दुरुस्त होईल. पण गळते आहे. मी आत्ता तिथेच उभा आहे, कॅमेरा फिरवून दाखवतो."